पुमोरीच्या तळ्यातली संथ चाल

गवई कुठे श्वास घेतो, कुठे थांबतो, याकडे आपल्याकडचा जाणता श्रोता कान लावून बसलेला असतो. पोहणाऱ्याकडे पाहताना मात्र तोच माणूस घड्याळापलीकडे काही पाहत नाही. २२ मे २०१० रोजी ल्यूइस प्यू एव्हरेस्टच्या परिसरातल्या पुमोरी तळ्यात एक किलोमीटर पोहला, त्याला २२ मिनिटं ५१ सेकंद लागली. आकडा म्हणून यात काहीच नाही. क्लबात रोज सराव करणारी शाळकरी मुलं याहून लवकर किलोमीटर संपवतात. तरीही मला हे पोहणं फार मोठं वाटतं, आणि ते मोठं आहे ते त्याच्या संथपणामुळे. जीव सांभाळून पोहणं आणि देखणं पोहणं या दोन गोष्टी त्या पाण्यात वेगळ्या राहिलेल्याच नाहीत.

जागा आधी नीट समजून घेऊ. पुमोरी हे ७,१६१ मीटर उंचीचं शिखर, नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवरचं. त्याचं नाव गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने ठेवलं. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाणारे मराठी ट्रेकर पहाटे अंधारात ज्या काला पत्थरवर चढतात, तो याच पुमोरीच्या अंगाखांद्यावरचा उंचवटा. प्यू ज्या तळ्यात उतरला ते सुमारे ५,३०० मीटरवर, खुंबू हिमनदीच्या शेजारी, वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. त्या ट्रेकच्या वाटेवरच्या गोरक्षेपला बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते, हे तिथे जाऊन आलेला कुणीही सांगेल. पाण्याचं तापमान २ अंश सेल्सिअस. आणि अंगावर पोहण्याची चड्डी, टोपी, गॉगल. बस.

प्यू हा मूळचा सागरी कायद्याचा वकील. हिमनद्या वितळताहेत आणि त्यांच्या पाण्यावर भारत, चीन, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेशातली कोट्यवधी माणसं जगतात, याकडे लक्ष वेधायला तो तिथे गेला होता. हेतू चांगलाच आहे, पण हेतू चांगला असला म्हणून पोहणं चांगलं होत नाही. मी इथे पोहण्याबद्दलच बोलणार आहे.

याच्या तीन वर्षं आधी, जुलै २००७ मध्ये, तो उत्तर ध्रुवावर बर्फाच्या भेगेतल्या समुद्रात एक किलोमीटर पोहला होता. पाणी उणे १.७ अंश. खारं पाणी म्हणूनच ते त्या तापमानाला गोठलेलं नव्हतं. तिथे त्याने १८ मिनिटं ५० सेकंद घेतली. ते पोहणं सगळं आक्रमक होतं: डोकं पाण्यात, हात सपासप, फ्रीस्टाइल, पाण्यातून लवकरात लवकर बाहेर. त्या पाण्याला तेच योग्य होतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचून घेतं, तेव्हा जितकी मिनिटं कमी तितकं बरं, हा हिशेब सरळ आहे. तरीही त्याच्या बोटांना एवढी इजा झाली की हातांची संवेदना परत यायला महिने गेले.

पुमोरीचं पाणी ध्रुवावरच्या पाण्यापेक्षा साडेतीन अंशांहून जास्त उबदार, अंतर तेवढंच, आणि माणूस तोच. तरी वेळ ४ मिनिटं १ सेकंद जास्त. या पोहण्याचं सगळं सौंदर्य त्या चार मिनिटांत आहे.

कारण डोंगरातलं तळं पोहणाऱ्याला एकाच वेळी दोन उलट आज्ञा देतं. थंडी म्हणते, लवकर आटप. विरळ हवा म्हणते, हळू, नाहीतर दम संपेल. समुद्रात यातली पहिलीच आज्ञा असते. गिर्यारोहकाला दुसरी पाठ असते. खुंबूत शेर्पा मंडळी नवख्याला पहिल्या दिवसापासून सावकाश चालायला सांगतात. दोन्ही एकदम आल्यावर कुणाचं ऐकायचं, हे आधीच्या कुठल्याच अनुभवातून कळत नाही.

प्यूलाही ते कळलं नव्हतं. मुख्य पोहण्याच्या आधी त्याने याच तळ्यात सरावाचं पोहणं केलं, आणि ध्रुवावर जमलं तसंच केलं: फ्रीस्टाइल, पूर्ण जोर. पुढे काय झालं ते त्याने त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या टेड परिषदेतल्या भाषणात स्वतःच सांगितलं आहे. थोड्याच अंतरात श्वास पुरेना. उलटी झाली. तो पाण्याखाली गेला. तळं तिथे उथळ होतं म्हणून तळाला पाय रेटून वर आला, एक घोट हवा घेतली, आणि पुन्हा हात मारायला लागला. पाचसहा हात झाले आणि अंगातलं सगळं त्राण गेलं. पुन्हा तळाशी. तिथून कसाबसा काठाला लागला.

ही हकीकत सांगताना लोक साधारणपणे तो वाचला यावर थांबतात. मला यात त्या मधल्या पाचसहा हातांचं फार महत्त्व वाटतं. पहिल्यांदा बुडून वर आल्यावरही शरीर तीच चाल चालू ठेवतं, कारण आयुष्यभर तीच चाल उपयोगी पडलेली असते. बुडणारी कितीतरी माणसं उत्तम पोहणारी असतात, त्याचं कारण इथे स्पष्ट दिसतं. पोहता न येणारा माणूस पाण्याला बिचकून असतो. पोहता येणाऱ्याच्या हातापायांत सवय मुरलेली असते, आणि सवयीला पाण्याचं तापमान किंवा हवेचा दाब कळत नाही.

मग काठावर बैठक बसली. बरोबरच्या लोकांनी त्याला सांगितलं ते साधारण असं: ध्रुवावरचं विसर, जितकं हळू जमेल तितकं हळू पोह, फ्रीस्टाइल सोडून ब्रेस्टस्ट्रोक घे, आणि या तळ्याशी नम्रपणे वाग. त्याने ऐकलं. दोन दशकं एका पद्धतीने पोहून नाव कमावलेल्या माणसाने आपली चालच बदलली. या सगळ्या प्रसंगातला सर्वांत धाडसाचा क्षण मला हाच वाटतो, आणि तो कोरड्या जमिनीवर घडला.

आता प्रत्यक्ष चालीकडे येऊ. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपल्याकडे खेड्यात विहिरीवर म्हणतात ते बेडकासारखं पोहणं. हात पुढे, बाजूला, छातीशी. पाय आवळून झटकायचे. मग क्षणभर लांब सरकत राहायचं. शर्यतीत ही सर्वांत संथ चाल. पण डोंगरातल्या तळ्यात तिचे गुण एकेक करून दिसायला लागतात. प्रत्येक हातागणिक तोंड आपोआप पाण्याबाहेर येतं, तेही समोर, त्यामुळे श्वास मागून घ्यावा लागत नाही. फ्रीस्टाइलमध्ये मान वळवून लाटेच्या खळग्यात श्वास पकडावा लागतो, आणि धाप लागलेली असताना तो वेळेवर पकडता आला नाही की हवेऐवजी पाणी आत जातं. हा एकच फरक त्या उंचीवर जीव वाचवायला पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म. गार पाण्यात अंग शिरलं की शरीर हृदयाला जोरात पळायला सांगतं. चेहरा गार पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला की शरीर हृदयाला मंद व्हायला सांगतं; सील, देवमासे यांच्यात असते तीच ही बुडीची प्रतिक्रिया आपल्यातही थोडी आहे. दोन्ही हुकूम एकदम सुटले तर हृदयाची लय बिघडू शकते. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि त्यांचे सहकारी मायकेल शॅटक यांनी २०१२ मध्ये हे मांडलं. धडधाकट, तरुण, पट्टीचा पोहणारा माणूस गार पाण्यात उडी मारतो आणि मिनिटाभरात जातो, अशा काही मृत्यूंचा उलगडा यातून होतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं वर ठेवून पोहता येतं, चेहरा कोरडा ठेवता येतो. शर्यतीचे प्रशिक्षक ज्या गोष्टीवर ओरडतात, तीच इथे शहाणपणाची.

तिसरं पाण्याचं. समुद्राचं पाणी मिठामुळे गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, म्हणून ते अंगाला वर उचलून धरतं. तळ्यात ती मदत नाही. अंग थोडं खोल बसतं, पाय खाली जातात, तेवढ्याच हातात कमी अंतर कापलं जातं. ध्रुवावरून आलेल्या पोहणाऱ्याला पुमोरीत पाणी जरा पातळ लागलं असणारच. आपल्या कोकणातली, समुद्रावर पोहायला शिकलेली मुलंही घाटावरच्या धरणात उतरली की पहिल्यांदा हेच म्हणतात.

संथपणा म्हणजे ढिलाई मात्र नव्हे. गार पाण्यात पोहणारा कसा खचत जातो याचाही टिप्टन यांनी अभ्यास केला आहे, आणि तो माहीत असला की काठावरून पाहणाऱ्यालाही पोहणं वाचता येतं. आधी हाताचा पल्ला आखूड होतो. मग ते भरून काढायला माणूस हात भरभर मारायला लागतो. अंग आडवं राहत नाही, उभट होत जातं, पाय खाली लोंबतात. आणि हाताची बोटं फाकायला लागतात. मिटायची म्हटली तरी मिटत नाहीत, कारण हाताचे स्नायू आणि नसा गार पडलेल्या असतात. अंगातली ऊब अजून शिल्लक असते, मेंदू जागा असतो, माणूस बोलतोही, पण हातांतून पोहणं निघून गेलेलं असतं. काठावर बसलेल्या सोबत्याने घड्याळ पाहण्यापेक्षा ही बोटं पाहावीत. तळ्यात एकट्याने उतरायचं नाही हा नियम सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण सोबत्याला काय पाहायचं ते माहीत नसेल तर ती सोबत काय कामाची?

पाण्यात शिरण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक घात तिथेच होतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गोठत्या पाण्यासाठी एक सोपं गणित लोकांपुढे ठेवलं: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे, तेवढ्यात बाहेर पडायचं. आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोकांना भीती वाटते ती शेवटच्या तासाची, आणि माणसं मरतात ती पहिल्या मिनिटात. गार पाणी अंगाला लागलं की तोंडाने आपोआप आ करून हवा ओढली जाते, आणि मग धापांवर धापा. ही धाप थांबवता येत नाही, ओसरू द्यावी लागते. त्या एका क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर लीटरभर पाणी आत जायला वेळ लागत नाही.

आपण पोहायला शिकतो ते पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, विहिरीत. आणि शिकलो याची खूण म्हणजे थारोळ्यावरून मारलेला सूर. मे महिन्याच्या उन्हात विहिरीचं पाणी अंगाला सुखावतं, तिथे सूर मारण्यात आनंदच आहे. तोच सूर डोंगरातल्या तळ्यात मारणं म्हणजे ती आ करून घेतलेली पहिली हवा पाण्याखालीच घेणं. तिथे काठाकाठाने, पायाखाली जमीन आहे तोवर चालत उतरावं. मनगटं, मान, तोंड ओलं करावं. छातीपर्यंत पाण्यात आल्यावर थांबावं आणि लांब उच्छ्वास सोडत राहावं. एखादा अचानक पडलाच, तर हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहावं, कान पाण्यात, हनुवटी वर, धाप ओसरेपर्यंत. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांना गेली कित्येक वर्षं हेच शिकवते आहे, आणि ते आपल्याकडे प्रत्येक तरणतलावावर शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

प्यूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडायची. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैद्यक टिम नोक्स यांनी त्याच्या ध्रुवीय पोहण्यांच्या वेळी मोजमाप केलं, तेव्हा पाण्यात उतरण्याआधीच, नुसत्या विचाराने, त्याच्या शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या वर गेलेलं आढळलं. वर्षानुवर्षं गार पाण्यात उतरून शरीर असं तयार होतं. हे एवढ्यासाठी सांगितलं की त्याची २२ मिनिटं आपली नव्हेत. आपण त्याच्याकडून चाल घ्यावी, वेळ घेऊ नये.

हे झालं बर्फाच्या पाण्याचं; उन्हाळ्यातली तळी त्याहून फसवी. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, ते तळाशी बसतं. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं. वरच्या थरात हात घालून पाहिला तर कोमट म्हणावं असं लागतं. पाय सोडून उभं राहिलं की गुडघ्याखाली एकदम दुसरंच पाणी. त्यात वितळत्या बर्फाचा ओहोळ जिथे तळ्यात येऊन मिळतो तिथे गार पाण्याचा पट्टा असतो, वरून न दिसणारा. म्हणून आडवं, पसरून, वरच्या थरातच पोहावं, काठाला समांतर, केव्हाही उभं राहता येईल एवढ्या अंतरावर. तळ्याच्या मध्यावर जाण्यात काही मिळत नाही. हिमालयातली बरीच तळी तिथल्या लोकांना पवित्र आहेत, गोक्योची तर आहेतच. तिथे पोहण्याचा विषयच नको. काठावर बसून पाहावं, तेही कमी नाही.

वल्हवणाऱ्यालाही हीच संथ चाल लागू पडते. श्रीनगरच्या दलमध्ये शिकाऱ्याच्या टोकाला बसलेला माणूस पत्त्यातल्या बदामासारख्या पात्याचं चप्पू कसं मारतो ते पाहावं. खांदा जवळपास हलत नाही, पातं खळखळ न करता पाण्यात शिरतं, आणि हात परत येताना तो श्वास घेऊन मोकळा झालेला असतो. दिवसभर वल्हवायचं असलेल्या माणसाची ती चाल आहे. आपण पर्यटक कयाक किंवा उभ्याने वल्हवायची फळी भाड्याने घेतो आणि पहिल्या दहा मिनिटांत दमून जातो, तेही काठापासून दूर जाताना, पाठीवर वारा असताना. डोंगराच्या खोऱ्यात सकाळ शांत असते आणि ऊन चढलं की वारा उठतो. दुपारी परत येताना तोच वारा तोंडावर. निघताना वाऱ्याविरुद्ध निघावं, दम असेपर्यंत अवघड बाजू संपवावी, दुपारच्या आत काठाला यावं.

आणि कपडे पाण्याच्या थंडीप्रमाणे घालावेत, हवेच्या नव्हे. डोक्यावर ऊन असतं, टी-शर्टवर बरं वाटतं, पण नाव कलंडली की आपण उन्हात नसतो. लाइफ जॅकेटबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं. आपल्याकडे ते बसायला गादी म्हणून घेतात, फोटोपुरतं घालतात, बंद मोकळे ठेवतात. पहिल्या मिनिटाची ती धाप लागलेली असताना पाण्यावर तरंगणारं जॅकेट पकडून अंगात चढवणं कुणालाही जमत नाही. गार पडलेल्या बोटांनी बकल लागत नाही. ते नावेत बसण्याआधी घालायचं, घट्ट, बंद ओढून. खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत येता कामा नये. नाव उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत सुटू नये. ती तरंगते, लांबून दिसते, आणि तिच्यावर छातीपर्यंत चढता आलं तरी तेवढं अंग पाण्याबाहेर राहतं. फळीवर असाल तर दोरी बांधलेली हवी. पुन्हा वर चढायचा सराव काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, आधीच करून ठेवावा.

राहिलं बाहेर पडणं. पोहण्याच्या कौतुकात हा भाग कुणी पाहत नाही. पाण्यात असताना शरीर हातापायांचं रक्त आखडून पोटाशी ऊब धरून ठेवतं. बाहेर आल्यावर, टाळ्या वाजत असताना, आतलं तापमान आणखी खाली घसरत राहतं. अर्धा तासही हे चालू शकतं. माणूस पाण्यात ठीक होता आणि काठावर दहा मिनिटांनी लटलट कापायला लागला, बोलताना अडखळायला लागला, तो यामुळे. म्हणून ओले कपडे आधी काढायचे, अंग कोरडं करायचं, वरून खाली कपडे चढवायचे, टोपी घालायची, पायाखाली काहीतरी अंथरायचं. गरम आणि गोड काहीतरी घोट घोट प्यायचं. गरम पाण्याची आंघोळ लगेच नको, दारू तर नकोच. कापरं भरू द्यावं, ती शरीराची स्वतःची शेगडी आहे. गाडी चालवायची असेल तर थरथर पूर्ण थांबल्याशिवाय चावी हातात घेऊ नये. कपडे काठावर घालायच्या क्रमाने रचून ठेवलेले असावेत, बटणांचे नकोत, सैल आणि डोक्यातून चढणारे हवेत. गारठलेल्या बोटांना तेवढंच जमतं. ही घडी पाण्यात उतरण्याआधी लावून ठेवणारा पोहणारा दिसला, की त्याची चालही चांगली असणार असं मी धरून चालतो.